डोक्यावर ठेवलेले हात

५ जानेवारी १९८७, सोमवार

माझ्या बंधूंनो! पांढरा सदरा घालून, छातीवर नावाची काळी पाटी लावून, जोडीजोडीनं बर्फ तुडवणाऱ्यांनो! घरून निघताना आपल्याला सगळं सांगितलं गेलं. मोजे किती घ्यायचे, टायची गाठ कशी मारायची, कुत्रं अंगावर आलं तर पिशवी कशी पुढे धरायची. एकच गोष्ट कुणी सांगितली नाही, की माणूस किती दमतो. आपली फसवणूक झाली असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटतं. दार तोंडावर आपटलं म्हणून आपण दमत नाही. पुढचं तरी उघडेल, या आशेनं दमतो.

हे बरं जमलंय. असंच चढवत न्यायचं.

पंधरा तारखेला डलुथला विभागीय सभा आहे आणि मला वीस मिनिटं बोलायचंय. मिशनचे अध्यक्ष वार्डल यांचा स्वतःचा फोन होता. विषय 'थकवा'. म्हणाले, "नेबेकर, तू बोलतोस तेव्हा पोरं जागी राहतात." सगळ्या मिशनमधून मला निवडलं. गर्व वाईट, पण दैनंदिनीत खोटं लिहिणं त्याहून वाईट. आनंद झाला.

आज सुट्टीचा वार. कपडे धुतले, घरी पत्र टाकलं. नवा जोडीदार एल्डर क्रुकस्टन (आम्हा सगळ्या प्रचारकांना 'एल्डर'च म्हणतात) दिवसभर खिडकीत बसून गोठलेलं तळं बघत होता. तो आयडाहोचा, बेअर लेकच्या बाजूचा. घरी दुभत्या गाई आहेत. हात फावड्यासारखे, आणि बोलणं असं की शब्दागणिक दात उपटावा लागतोय. त्याला घर सोडून धर्मप्रचाराला निघून आठ महिने झाले, मला सोळा. दोघांनाही दोन वर्षं भरायची आहेत.

मी त्याला भाषणाची सुरुवात वाचून दाखवली. तो म्हणाला, "खरंय." आणि पुन्हा तळ्याकडे बघायला लागला.

७ जानेवारी, बुधवार

सकाळी क्रुकस्टन पलंगावर बसला होता. एक बूट पायात, दुसरा हातात.

"काय शोधतोयस?"

"काही नाही."

"मग घाल की बूट."

"घालतोय."

मी दाढी करून आलो, लापशी केली, धडा वाचून संपवला. बूट तसाच हातात. शेवटी मी गुडघ्यावर बसून त्याच्या पायात घातला आणि नाडी बांधली. म्हटलं, आमच्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले होते, माझ्या वाट्याला बुटाची नाडी आली. त्याला हसू आलं नाही. आळसाला विनोद कळत नाही.

खाली घरमालकीण कोर्पेलाबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे, वडील फिनलंडहून इथल्या लोखंडाच्या खाणीत आलेले. बाई पक्क्या लुथरन, म्हणजे आमच्या पंथाच्या नव्हेत. आमचं निळं धर्मपुस्तक त्यांनी घेतलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकण म्हणून लावलं. दर बुधवारी वेलदोड्याचा पाव भाजतात आणि आम्हाला हाक मारतात.

"या, देवाचे दलाल! कॉफी ठेवू?"

"नाही बाई. तुम्हाला माहीत आहे."

"कॉफी नाही, चहा नाही, बिअर नाही, पोरी नाहीत. जगता कशावर रे?"

"श्रद्धेवर," मी म्हटलं.

"ती पावाला लावून खाता येते का?" मग क्रुकस्टनच्या ताटलीकडे बघून, "आणि हा? याला पावसुद्धा नको? पोरा, तुला बरं नाही का?"

"बरा आहे," क्रुकस्टन म्हणाला. पाव त्यानं रुमालात बांधून घेतला. घरी आल्यावर तो मी खाल्ला.

१० जानेवारी, शनिवार

थंडी अशी की श्वास घेतला की नाकातले केस कडकडतात. खाणीच्या बाजूची गल्ली केली. अठ्ठावीस दारं, एकही माणूस आत या म्हणाला नाही. एका बाईनं पडदा सारून आम्हाला बघितलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मग हा प्रकार. दार वाजवायची पाळी क्रुकस्टनची होती. दार उघडलं. हातात पक्कड, अंगात गंजीफ्रॉक घातलेला माणूस. क्रुकस्टन त्याच्याकडे बघतच राहिला. आठ महिने तेच वाक्य म्हणतोय, पण तोंडातून निघेना. शेवटी म्हणाला, "माफ करा, घर चुकलं."

माणूस भला होता. "कुणाचं घर हवंय?"

"माझं," क्रुकस्टन म्हणाला.

माणूस पोट धरून हसला. मला मात्र जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. कोपऱ्यावर आल्यावर मी क्रुकस्टनला सुनावलं. प्रभूचा निरोप आणलाय आपण, दुधाची बाटली नव्हे, की चुकीच्या दारात ठेवली तर उचलून आणावी! तो मान खाली घालून ऐकत होता. पापण्यांवर बर्फ जमलं होतं. शेवटी म्हणाला, "तू छान बोलतोस, नेबेकर. मला तुझ्यासारखं आतून काही येत नाही."

"मागायला लागतं," मी म्हटलं. "मागितल्याशिवाय येत नाही."

"मागतो रे."

१५ जानेवारी, गुरुवार

आज बोललो.

जवळजवळ ऐंशी जण होते. पहिल्या दोन मिनिटांत मला कळलं की सभा माझ्या मुठीत आहे. आजोबांच्या कपाटातली रोमन वक्त्यांची भाषणं मी बाराव्या वर्षीच पाठ केली होती. घरच्या टर्कीच्या खुराड्यात उभा राहून हजारभर पक्ष्यांपुढे म्हणायचो. टर्की मधेच एकदम ओरडतात, तेव्हा थांबायचं कसं ते तिथेच शिकलो. आज तसा थांबलो, तसा उसळलो.

म्हणालो, "थकवा हा आजार नाही! आजाराला औषध असतं, सुट्टी असते, कुशीवर वळून झोपण्याची मुभा असते. थकवा म्हणजे सैतानानं गुपचूप आपल्या खिशात टाकलेला दगड. तो बरा होत नाही, फेकावा लागतो. घाला खिशात हात! फेका!"

ऐंशी पोरं रडत होती. अध्यक्षांच्या बाई रुमाल शोधत होत्या. अध्यक्ष स्वतः रडले नाहीत. ते मिशनवर येण्याआधी दातांचे डॉक्टर होते, आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे अजून तसेच बघतात. एवढंच म्हणाले, "जोरदार. क्रुकस्टन कसा आहे?" मी म्हटलं, "घडवतोय." 

क्रुकस्टन दुसऱ्या रांगेत होता. तोंड उघडं टाकून रडत होता. एवढा मोठा माणूस रडला की वासरू अडकल्यासारखा आवाज होतो. मला समाधान वाटलं. माझ्या भाषणानं निदान एका दगडाला पाझर फुटला!

परतताना गाडीत तो पहिल्यांदाच आपणहून बोलला. त्याचे वडील त्यांच्या गावच्या मंडळीचे बिशप आहेत, तीन मोठे भाऊ दोन-दोन वर्षं पूर्ण करून आलेत. निरोपाच्या जेवणात आजोबा उठून म्हणाले होते, "वेल्डन, शवपेटीत घालून आणलं तुला तरी चालेल, पण अर्ध्यातून येऊ नकोस." सगळे खूप हसले म्हणे.

मीही हसलो. जुन्या माणसांचं बोलणं कसं ठसठशीत असतं. धर्मासाठी हातगाड्या ढकलत वाळवंट ओलांडलेल्या पूर्वजांची नातवंडं ती.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मला आशीर्वाद देशील?"

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी प्रार्थनेनंतर दिला. क्रुकस्टन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला. किल्ल्यांच्या जुडग्यात असते त्या कुपीतल्या अभिषेकाच्या तेलाचा एक थेंब मी त्याच्या टाळूवर लावला, दोन्ही हात डोक्यावर ठेवले. केस ओले होते. हाताखाली तो थरथरत होता, इंजिन सुरू ठेवलेल्या ट्रॅक्टरसारखा.

इथे बोलायचं ते आपलं नसतं. देणाऱ्यानं थांबायचं, आतून जे येईल ते म्हणायचं, आणि ते देवाचं. मी म्हणालो, "वेल्डन क्रुकस्टन, तुझ्या पायांत बळ येईल. तुझ्यावरची ही सावली सरेल. तू दोन वर्षं पूर्ण करशील, मान ताठ ठेवून घरी जाशील, आणि तुझ्या वडिलांच्या डोळ्यांत अभिमान असेल." आणखीही बरंच. खोली भरून गेल्यासारखी झाली.

एक शंका इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहायची? 'मान ताठ ठेवून' हे मला काल गाडीतच सुचलं होतं. 'सावली सरेल' हे आज दाढी करताना. डोक्यावर हात ठेवल्यावर मी थांबलोच नाही, वाक्यं तयार होती. आता पवित्र आत्मा आगाऊ कळवतो का? कळवत असेल. चांगल्या शेतकऱ्यासारखा आदल्या दिवशी नांगर लावून ठेवत असेल.

क्रुकस्टननं माझे हात हातात घेऊन विचारलं, "हे नक्की त्याचंच ना?"

"त्याचंच," मी म्हटलं.

१९ जानेवारी, सोमवार

आशीर्वाद लागला! वहीत दोनदा अधोरेखित करतोय.

क्रुकस्टन पहाटे माझ्याआधी उठला. फ्रिज धुतला, भांडी घासली, कोर्पेलाबाईंचा रस्ता दारापासून फाटकापर्यंत खोऱ्यानं साफ केला. आईला, चारही भावंडांना वेगवेगळी पत्रं लिहिली. एरवी तीन ओळींवर गाडी अडायची. आणि स्वतःचे मेंढीच्या कातड्याचे हातमोजे मला देऊन टाकले, आजीनं शिवलेले. "तुझे फाटलेत. मला नाही लागत थंडी." निळी टायही दिली. मी नको नको म्हटलं, पण हट्टच धरला. देण्याचं सुख कळलं की माणूस बदलतो.

कोर्पेलाबाई जिन्यात भेटल्या. कपाळाला आठ्या. "तुझा जोडीदार निघालाय का कुठं?"

"नाही. का?"

"आला, माझा हात धरला आणि म्हणाला, सगळ्याबद्दल आभार. असं कुणी रस्ता झाडून म्हणतं का? वर पावाचे पैसे ठेवून गेला. मी काय खानावळ चालवते?"

"बाई, त्याच्यावर कृपा झालीय. तुम्हाला नाही कळायचं."

"कृपा ना?" बाई म्हणाल्या. "माझ्या घरातली कृपा जरा जास्त जेवते."

२४ जानेवारी, शनिवार

तो सगळा उजेड मावळला. बुधवारपासून क्रुकस्टन पलंगावर आहे. ताप नाही, खोकला नाही. भिंतीकडे तोंड.

आमचा नियम असा, की जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा. न्हाणीघर सोडून एकट्यानं कुठे जायचं नाही. म्हणजे तो पडला की मीही पडलो. चार दिवस मी या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालतोय. टापूप्रमुख स्टॉकर दर शनिवारी फोन करून आकडे विचारतो. आज म्हणाला, "दारं?" शून्य. "धडे?" शून्य. "नेबेकर, थकव्यावर बोलणारा तूच ना?" ती टोचणी अजून निघत नाही.

फोन ठेवला आणि माझा बांध फुटला. पलंगापाशी उभा राहून मी बोललो. चांगला बोललो. अख्खी गल्ली रडली असती. शेवटी विचारलं, "देवानं तुला शब्द दिला आहे की नाही?"

"दिलाय."

"देव खोटं बोलतो?"

"नाही."

"मग शब्द खरा झाला नाही तर दोष कुणाचा?"

त्यानं खरोखर विचार केला. घाईनं बोलणारा नाहीच तो. मग भिंतीकडे बघतच म्हणाला, "माझा."

"झालं तर मग," मी म्हटलं.

वाद जिंकल्यावर एरवी मला बरं वाटतं. आज नुसतं गळून गेल्यासारखं झालं. माझ्याही खिशात दगड असेल. रात्री सुपाचा डबा उघडला, दोन वाट्या केल्या. एक तशीच राहिली.

१ फेब्रुवारी, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, उपासाचा. दोन वेळा अन्नपाणी नाही. मी क्रुकस्टनसाठी उपास धरला आणि त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मी शुक्रवारपासूनच धरलाय." याबाबतीत त्यानं मला मागे टाकलं म्हणायचं. त्याला आनंद झाला असेल म्हणून मी तसं बोलून दाखवलं.

प्रार्थनेला तो आला. चालताना भिंतीला हात लावत होता. मंडळीतल्या एका बाईनं विचारलं, "हा नीट जेवतो का?" मी म्हटलं, "आज कुणीच जेवत नाही, सिस्टर." सगळे हसले.

फार दमलोय. वाक्यं जुळत नाहीत. उद्या सुट्टी, गरम पाण्यानं आंघोळ करीन.

२ फेब्रुवारी, सोमवार

थंडीनं बधिरलेले हात अजून दुखतायत. तरी लिहितो.

दुपारी जेवणानंतर मी आंघोळीला गेलो. तोटीखाली किती वेळ उभा होतो कोण जाणे. बाहेर आलो तर पलंग रिकामा, चादर नीट घातलेली. त्याचा कोट खुंटीवर. बूट नव्हते.

पहिला विचार काय आला, तेही लिहितो. नियम मोडला! आता अध्यक्षांना काय सांगू? हा पहिला विचार.

जिना उतरलो तर कोर्पेलाबाई खिडकीशी उभ्या. "तुमचा तो बिनकोटाचा तळ्यावर गेलाय. मासे धरायला गेला नसणार." त्या कोट चढवत होत्या.

तळ्याचं बर्फ या दिवसांत ट्रक पेलतं. पण काठावरच्या गिरणीचं कोमट पाणी सुटतं त्या टोकाला बर्फ धरत नाही, तिथे पाणी काळं आणि उघडं असतं. क्रुकस्टन त्याच्या काठाशी उभा होता. हात लोंबते, अंगात नुसता पांढरा सदरा. माझे ओले केस गोठून कानांवर आपटत होते. त्याच्यापासून वीस पावलांवर मी थांबलो, कारण तिथून पुढे बर्फ करकरायला लागलं.

आणि मला काही बोलता येईना. मला! तोंड उघडलं, थंड हवा आत गेली, तेवढंच. त्यानं मागे वळून बघितलं. हळू आवाजात म्हणाला, "मी विश्वास ठेवला रे. सगळा ठेवला. कमी पडला. आता घरी कोणत्या तोंडानं जाऊ? देवाला खोटं पाडून?"

मी उभाच. सगळे रोमन, सगळे संदेष्टे, एकही मदतीला येईना.

मागून कोर्पेलाबाईंचा आवाज आला. चिडलेला, रोजचा. "ए लांबड्या! माझं खोरं कुठं ठेवलंस? सकाळपासून शोधतेय!"

क्रुकस्टननं डोळे मिचकावले. "मागच्या दारापाशी."

"नाहीये तिथं."

"पिंपामागे आहे."

"पिंपामागं म्हणे! मी काय पिंपात शिरू? चल, दाखव मला. माझे पाय गोठतायत."

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हातारीला थंडीत ताटकळत ठेवू नये, असं घरी शिकवलेलं असेल म्हणून असेल, पण तो वळला. माझ्या अगदी जवळून गेला. बाईंनी त्याचा दंड धरला, आपल्या कोटाची एक बाजू त्याच्या पाठीवर ओढली, आणि खोऱ्यावरून बडबडत त्याला घरापर्यंत नेलं.

स्वयंपाकघरात त्यांनी त्याला चुलीपाशी बसवलं, गरम दूध आणि पाव दिला. त्यानं खाल्लं. मला त्यांनी बोळात ओढलं. हळू आवाजात, पण अशा शब्दांत की आयुष्यभर ऐकू येतील.

"तो तिथं फिरायला गेला नव्हता. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"आत्ता कळतंय," बाई म्हणाल्या. "पोरगं आजारी आहे. महिनाभर मी बघतेय. त्याला डॉक्टरकडं नेणारं कुणी आहे का तुमच्यात, की सगळे बोलणारेच?"

अध्यक्षांना मी तिथूनच फोन लावला. जे घडलं तेवढं सांगितलं, एकही विशेषण न लावता. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी आधी तो आत्ता कुठे आहे ते विचारलं. मग म्हणाले, "सकाळी उजाडताच निघतो. तोवर त्याच्याजवळून हलू नकोस. आणि नेबेकर, भाषण नको."

"काहीच बोलू नको?"

"तुला झेपेल तेवढं गप्प बस."

३ फेब्रुवारी, मंगळवार

अध्यक्ष पोचायच्या आत मला एक काम करायचं होतं. डॉक्टर औषध देईल, अध्यक्ष तिकीट काढतील, पण क्रुकस्टनच्या डोक्यावर मी जे ठेवलं होतं ते कोण उचलणार? डॉक्टरकडे जायला तो तयार होता, पण "घरी नाही" म्हणत होता. "देवानं सांगितलंय, पूर्ण करशील."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

"क्रुकस्टन, ते देवानं नाही सांगितलं. मी सांगितलं."

"तू म्हणालास, त्याचंच आहे."

"खोटं बोललो. म्हणजे तेव्हा मला खरं वाटत होतं. पण ती वाक्यं मी आधीच जुळवली होती. काही गाडीत, काही दाढी करताना. तुझ्या डोक्यावर हात ठेवल्यावर मी थांबलोच नाही. काही ऐकलंच नाही. मला माझंच ऐकू येत होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. गाईच्या पोटात वासरू कसं वळलंय हे चाचपणारा माणूस बघतो तसा.

"सगळं?"

"सगळं. 'वडिलांच्या डोळ्यांत अभिमान' तर भाषणात वापरायचं राहिलं होतं."

"मग मी इतके दिवस कशाशी झगडत होतो?"

"माझ्याशी."

मला वाटलं, मारेल. फावड्यासारखे हात. मारलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. पण त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग वाकडा, आणि तो म्हणाला, "गाढवा." आमच्यात शिव्या देत नाहीत, त्याच्या तोंडून ही सर्वात मोठी असावी. "गाढवा रे. मला वाटलं, देवालाच मी नकोसा झालोय."

मग तो झोपला. भिंतीकडे नाही, पाठीवर, तोंड उघडं टाकून. मी दिलेल्या शब्दाप्रमाणे गप्प बसलो. आयुष्यातलं हे सर्वात अवघड काम होतं.

गप्प बसलं की विचार येतात. तो आशीर्वाद माझा होता, तर बाकीचे कुणाचे होते? सोळा महिन्यांत मी कितीतरी डोक्यांवर हात ठेवलेत. एक लहान मुलगी होती, तापानं फणफणलेली. ती बरी झाली. तेही माझं? देव आहे, याबद्दल मला शंका नाही. कालही नव्हती, आजही नाही. शंका आहे ती माझ्या जिभेबद्दल. ती त्याच्या दारावर पाळत ठेवून असते, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलते.

४ फेब्रुवारी, बुधवार

काल अध्यक्षांनी आम्हाला डलुथच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, म्हणाले, "हा आधी बरा होऊ दे, बाकी सगळं नंतर." शुक्रवारचं विमान ठरलं. तोवर आम्ही दोघं अध्यक्षांच्या घरीच.

मी आशीर्वादाचं सांगितलं, तेव्हा अध्यक्ष गाडी चालवत होते. म्हणाले, "सभेतच तुला अडवायला हवं होतं मी. वाटलं, पोरं जागी झालीत, होऊ दे." थोड्या वेळानं, "तो दोष माझा."

आज त्यांनी क्रुकस्टनच्या वडिलांना फोन केला. आम्ही शेजारच्या खोलीत होतो. इकडचंच बोलणं ऐकू येत होतं. "नाही, बिशप, काही वावगं केलेलं नाही... नाही, चारित्र्याचा प्रश्न नाही... मी समजू शकतो... हो, पण त्याला न्यायला..."

क्रुकस्टन म्हणाला, "आत्याचा नवरा येईल पिकअप घेऊन. गावात अंधार पडल्यावर शिरतील."

"वडील येतील रे."

"नाही यायचे. दूध काढायची वेळ आहे." मग हसला, खरं हसला. "गाई कधी कुणाची वाट अडवत नाहीत म्हणतात. खोटं आहे."

सॉल्ट लेकच्या विमानतळावर मोठा भाऊ दोन वर्षं भरून उतरला तेव्हाचं त्यानं सांगितलं. अख्खी मंडळी आली होती, रंगीत फुगे, कागदी फलक, गाणी. आई तर दोरी ओलांडून धावली. आमच्याकडे असंच असतं, माझ्या भावाच्या वेळीही त्याच विमानतळावर होतं. "मी तेव्हा अकराचा होतो," क्रुकस्टन म्हणाला. "वाटलं होतं, एक दिवस माझ्यासाठी."

हे बोलताना तो मोजे घडी करत होता. हातमोजे मी त्याच्या बॅगेत परत ठेवले. त्यानं बघितलं आणि त्यांच्यावर मोजे ठेवले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

घरी फोन करायची आम्हाला वर्षातून दोनदाच मुभा आहे, नाताळला आणि मातृदिनाला. मी अध्यक्षांकडे गेलो आणि एक फोन मागितला. कशासाठी ते सांगितलं. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि खोलीतून बाहेर गेले.

आई घाबरलीच. "ओरिन? काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, आई."

"मग फोन कसा? परवानगी घेतलीस ना?"

"घेतली. ऐक. माझा जोडीदार उद्या घरी येतोय."

"दोन वर्षं झाली त्याची?"

"नाही."

तारेवर ती शांतता मला ओळखीची आहे. आमच्या सबंध खोऱ्याला ती शांतता पाठ आहे. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, न्हाव्याकडे, कुणाचं पोर लवकर परत आलं की हीच शांतता. मीही ती पाळलीय. पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा परत आला होता, तेव्हा मी रस्ता बदलून गेलो होतो.

"काही वाकडं पाऊल पडलं का त्याचं?" आईनं हलकेच विचारलं.

"आजारी आहे."

"कसला आजार?"

यावर मी एकदा वीस मिनिटं बोललो होतो. आज म्हटलं, "आई, तो मरता मरता वाचलाय. मी शेजारी होतो आणि मला दिसलं नाही."

घरातल्या दुसऱ्या फोनवर बाबा ऐकत होते, ते मला माहीत नव्हतं. त्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "उद्या टर्कीची पिल्लं यायचीत, ओरिन. चार हजार."

"पिल्लं काकाला सांभाळू दे, बाबा."

"त्याच्या घरची माणसं नाहीत का?"

"आत्याचा नवरा येणार आहे. गाडीतच बसून राहील. बाबा, माझी भाषणं ऐका, एवढं सोडून आयुष्यात मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. उद्या दोघं सॉल्ट लेकला जा. शेजारचे येतील त्यांना घेऊन जा. नाही आले तर दोघंच जा."

"आणि जाऊन काय बोलायचं त्याला?" आईनं विचारलं.

"काही बोलू नका. आई, तू फक्त एक फलक कर. जुन्या चादरीचा कर. त्यावर 'एल्डर' लिहू नकोस, सन्मान वगैरे काही नको. वेल्डन लिही. मोठ्या अक्षरांत, लांबून वाचता येईल असं. विमान तीन चाळीसला उतरतं. तो उंच आहे, खांदे पाडून चालतो, हात मोठे आहेत. तो सगळ्यात शेवटी उतरेल. बाकीचे सगळे भेटून, फोटो काढून निघून जातील, दार रिकामं दिसेल, तुम्हाला वाटेल की आता कुणी उरलं नाही. तरी हलू नका. फलक वर धरून तिथेच उभी राहा."